क्लासमध्ये जमतं ते सोशलला का जमत नाही?

ताई, नमस्कार.

माझं वय 43. गेले सात-आठ महिने मी आणि माझी बायको साल्सा शिकतोय, ऑन वन, म्हणजे दिशा बदलणारं पाऊल पहिल्या मात्रेवर टाकायची पद्धत. शिकायचा हट्ट माझाच होता. बिगिनर लेव्हल झाली, आता इंटरमिजिएटची बॅच चालू आहे. क्लासमध्ये सर दाखवतात ते कॉम्बिनेशन मला नीट जमतं, पार्टनर बदलत सगळ्यांबरोबर जमतं. प्रत्येक कॉम्बिनेशनचा मी व्हिडिओ काढतो, वहीत लिहूनही ठेवतो. पण सोशल नाइटला, म्हणजे सगळे मिळून मोकळं नाचायच्या संध्याकाळी, गेलो की डोकं कोरं होतं. दोन मूव्ह्ज होतात, पुढची आठवत नाही आणि तेवढ्यात बीट सुटते. पहिली मात्रा कुठली तेच कळेनासं होतं. मागच्या वेळी एकीला नाचायला विचारलं तर 'आत्ता नको' म्हणाली आणि पुढच्याच गाण्याला दुसऱ्याबरोबर उठली. आणखी एकीबरोबर तर सुरुवातीपासून पायच जुळेनात. नंतर कळलं की ती ऑन टू नाचते.

बायकोचं बरोबर उलट. तिला सगळे विचारतात, ती नाचते, खुशीत असते. मी भिंतीशी उभा. घरी सरावाला उभे राहिलो की भांडण होतं. मी तिची चूक दाखवली की ती म्हणते, 'तूच हात ओढतोस.' आता तिने घरी सराव करणंच बंद केलंय. मी लगेच ॲडव्हान्स्ड बॅचला जाऊ का, म्हणजे जास्त मूव्ह्ज येतील? की हे आपल्या वयाला जमणारं नाही असं समजून सोडून देऊ? आणि या नाचासाठी वेगळे बूट घ्यावे लागतात का?

— भिंतीशी उभा

*

नमस्कार.

आधी दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. ॲडव्हान्स्ड बॅचला आत्ता जाऊ नका. आणि सोडायचा विचार तर मुळीच करू नका. 43 हे वय साल्साच्या आड येत नाही. सोशलला नाचायच्या साल्सात उड्या नसतात, कुणाला उचलायचं नसतं, पावलं लहान आणि जमिनीलगत असतात. साठी ओलांडलेल्या लीडर्सबरोबर (पुढची मूव्ह ठरवून पार्टनरला इशारा देणारे ते लीडर) नाचायला अनुभवी बायका आपणहून पुढे येताना मी पाहते, कारण ती माणसं घाई करत नाहीत. तुमची अडचण वयाची नाही, स्मरणशक्तीचीही नाही. तुम्ही जे मन लावून साठवताय ते सोशलला फारसं कामी येत नाही, आणि जे कामी येतं त्याच्याकडे अजून तुमचं लक्ष गेलेलं नाही.

जरा हिशेब करून बघा. सोशलला वाजणारं मध्यम गतीचं साल्साचं गाणं मिनिटाला साधारण 180 बीटचं धरा. म्हणजे एकापासून आठापर्यंत जायला, एक 'आठ' पूर्ण व्हायला, पावणेतीन सेकंदही लागत नाहीत. क्लासमध्ये तासभर घोटलेलं कॉम्बिनेशन पाच-सहा आठांचं असतं. ते पंधरा सेकंदांत संपतं. गाणं साडेचार मिनिटांचं असेल तर त्यात शंभर आठ येतात. वहीतली वीस कॉम्बिनेशन्स ओळीने आठवली तरी कसंबसं एक गाणं भरेल, आणि पुढच्या गाण्याला पुन्हा वहीचं पहिलं पान. असं आठवून आठवून माणूस किती नाचणार? जे लीडर तुम्हाला आवडतात त्यांचे पाय आणि हात एकदा पूर्ण गाणंभर बघा. बराच वेळ ते नुसतं बेसिक, म्हणजे मूळ पावलं, करत असतात. मध्ये एखादा राइट टर्न (पार्टनरचं उजवीकडचं वळण), एखादा क्रॉस बॉडी लीड (बाजूला होऊन तिला पलीकडे जाऊ देणं), मग हात सोडून थोडे शाइन्स (एकट्याने करायची पावलं), पुन्हा बेसिक. गोष्टी चार-पाचच असतात, पण त्या गाण्यात नेमक्या जागी पडतात. आपण बघणारे मात्र त्यातलं एखादं अवघड वळण तेवढं लक्षात ठेवतो आणि घरी येऊन तेच शोधत बसतो.

मग क्लासमध्ये सगळं जमतं ते का? कारण क्लासमध्ये समोरच्या पार्टनरलाही तेच कॉम्बिनेशन शिकवलेलं असतं. सरांनी 'पाच, सहा, सात' म्हटलं की ती वळते. तुमचा हात उशिरा वर गेला, चुकीच्या बाजूला गेला, किंवा गेलाच नाही, तरी ती वळते, कारण आता वळायचंय हे तिला ठाऊक असतं. तुम्हाला वाटतं, मी वळवलं. तिलाही तसंच वाटतं. यात कुणाची लबाडी नाही, क्लासची रचनाच तशी आहे. सोशलला मात्र समोर आलेली बाई दुसऱ्या क्लासमध्ये, दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्याच पद्धतीचा साल्सा शिकलेली असते. तिच्याकडे तुमची वही नसते. तिला कळतं ते फक्त तुमच्या हातातून, छातीच्या दिशेतून आणि तुमचं वजन कुठल्या पायावर आहे त्यातून. तेवढं पोचलं तर ती वळते, नाही तर जागेवर बेसिक करत राहते. तसं ती करत राहिली की तुम्हाला वाटतं आपण मूव्ह विसरलो. पुष्कळदा मूव्ह आठवलेली असते, ती तिच्यापर्यंत गेलेली नसते.

हे तपासून बघायचं असेल तर पुढच्या क्लासला, सर मोकळा सराव करायला देतात तेव्हा, शिकवलेल्या क्रमाच्या मध्येच कुठेतरी मूव्ह सोडून साधं बेसिक करा. पार्टनर तुमच्याबरोबर बेसिकमध्ये आली तर लीड पोचतोय. ती एकटीच पुढच्या वळणात निघून गेली तर दोघंही पाठांतर करताय.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले: पहिली मात्रा कुठली तेच कळेनासं होतं. बाकीच्या साऱ्या अडचणी मागाहून येतात, ही पहिली. क्लासमध्ये 'एक' कुणीतरी तोंडाने सांगतं. गाण्यात तो कुणी सांगत नाही, आणि साल्साच्या गाण्यात तर तो मुद्दाम झाकल्यासारखा असतो. इतर नाचाच्या गाण्यांमध्ये बास आणि ड्रम पहिल्या मात्रेवर जोरात आपटतात, आपल्या कानाला ती सवय असते. साल्साचा बास बहुतेक वेळा दोन आणि तीनच्या मधल्या अर्ध्या मात्रेवर आणि मग चौथीवर वाजतो, आणि चौथीवरचा सूर तसाच लांबवून पुढच्या पहिल्या मात्रेवरून पार नेतो. म्हणजे तुम्ही जिथे ठोका शोधता नेमका तिथे बासचा ठोका नसतो. नवा माणूस इथे हरवतो यात नवल नाही.

मग धरायचं कशाला? कोंगाला. कोंगा म्हणजे तो उंच, निमुळता ढोल, तळहातांनी वाजवतात तो. त्याच्या मूळ ठेक्यात दोन आवाज ओळखायला शिका. दुसऱ्या मात्रेवर एक कोरडी, टणक चापट. आणि चौथीवर दोन मोकळे, घुमणारे ठोके लागोपाठ, एक चौथ्या मात्रेवर आणि एक तिच्या लगेच नंतरच्या अर्ध्यावर. सहा आणि आठवर पुन्हा तसंच. आता तुमची पावलं आठवा: एक-दोन-तीन, थांबा, पाच-सहा-सात, थांबा. तुम्ही थांबता चार आणि आठला, आणि कोंगा घुमतो तोही तिथेच. ते दोन घुमणारे ठोके संपले की पाऊल टाकायचं. हे एकदा कानाला सापडलं की मोजणं हळूहळू गळून पडतं. ज्या जागेला तुम्ही आजवर रिकामी समजत होता ती भरलेली ऐकू येते, आणि थांबणं हा नाचाचाच भाग होतो. मला विचाराल तर साल्सा शिकण्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच आहे, कुठल्याही तिहेरी टर्नपेक्षा मोठी.

दुसरा आधार काउबेलचा, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या घंटेचा. साल्साच्या पुष्कळ गाण्यांचे दोन भाग असतात. पहिल्या भागात गायक कडवी गातो आणि मागे बोंगो, म्हणजे छोट्या ढोलांची जोडी, हलकेच चालू असतात. मग कोरस एक ओळ धरतो, मुख्य गायक तिला उत्तरं देत जातो आणि गाणं तापतं. या भागाला मोंटुनो म्हणतात. तिथे बोंगो वाजवणारा बोंगो बाजूला ठेवून हातात काउबेल घेतो. तिचे मुख्य ठोके एक, तीन, पाच, सातवर स्पष्ट पडतात. कडव्यात हरवलात तर घाबरू नका. पार्टनरचा हात सोडायची गरज नाही, जागेवर वजन एका पायावरून दुसऱ्यावर देत राहा आणि मोंटुनोची वाट बघा. काउबेल तुम्हाला परत आत घेईल. क्लावेबद्दलही तुम्ही ऐकलं असेल, दोन लाकडी काठ्यांवर आठ मात्रांत पाच ठोके, कधी तीन-दोन, कधी दोन-तीन. त्याच्या मागे आत्ता लागू नका. कोंगा पक्का झाला की तो आपोआप ऐकू यायला लागतो.

एक आणि पाच यांत गल्लत झाली तरी आभाळ कोसळत नाही. पाचवर सुरू केलं तरी पार्टनर जुळवून घेते आणि नाच चालू राहतो. गायकाची ओळ कुठून उठते याकडे कान जायला लागला की तेही सुटतं.

ऐकायचं काय, असं विचाराल. क्लासमध्ये वाजतात ती संथ गाणी बाजूला ठेवा आणि वाद्यवृंदांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. पोर्तो रिकोचा एल ग्रान कॉम्बो 1962 पासूनचा; त्यांचा ठेका इतका स्वच्छ आहे की नवशिक्याला तिथूनच सुरुवात करून द्यावी असं मला वाटतं. मग गायिका सेलिया क्रूझ, गायक ऑस्कर दे लेओन. न्यूयॉर्कच्या फानिया या 1964 साली सुरू झालेल्या कंपनीचं संगीत तर सोशलला आजही वाजतं. रोज दहा मिनिटं, न नाचता. एका दिवशी फक्त कोंगाच्या मागे कान, दुसऱ्या दिवशी फक्त बास, तिसऱ्या दिवशी पियानो. मग त्याच गाण्यावर एकट्याने पूर्ण गाणंभर बेसिक. कंटाळा येईल. येऊ द्या. सुरुवातीला दुसऱ्या मिनिटाला पाय सुटतील, पुढे तिसऱ्याला, आणि मग एक दिवस गाणं संपेल तेव्हाच थांबाल.

आता हाताकडे येते. बायको म्हणते तुम्ही हात ओढता. ते खरं मानून चला. फॉलो करणाऱ्या माणसाला हातात काय होतंय ते लीड करणाऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट कळतं, आणि तिने ते सरळ शब्दांत सांगितलंय. साधा राइट टर्न घ्या. एक-दोन-तीन तुमचं नेहमीचं पाऊल, तिसऱ्याच्या सुमारास डावा हात वर जायला लागतो, आणि पाच-सहा-सातवर ती वळते. हात जातो कुठे ते आरशात बघा. तो तिच्या डोक्याच्या किंचित वर, तिच्याच रेषेत राहायला हवा. तुमच्याकडे आला तर ती तोल जाऊन तुमच्यावर येते. तिच्या मागे गेला तर खांदा पिरगळतो. बोटं मिटू नका. तुमची दोन-तीन बोटं खाली लोंबती, तिची बोटं त्यांच्यावर अडकवलेली, आणि वळताना तिचा हात तुमच्या बोटांभोवती मोकळा फिरतो. आणि अंगठा! अंगठ्याने तिच्या हाताची मागची बाजू दाबून धरायची सवय जवळजवळ प्रत्येक नव्या लीडरला असते. त्या एका अंगठ्यामुळे तिचं मनगट फिरूच शकत नाही, मग ती अडते, मग तुम्ही जोर लावता, आणि तो जोर तिला ओढल्यासारखा लागतो. अंगठा उचला. पुढचा आठवडाभर दुसरं काही सुधारू नका, एवढंच करा.

वळवणं म्हणजे दार उघडून धरणं. आत ती तिच्या पायांनी जाते, तिच्या वेगाने. तिचं वळण पूर्ण करायचं काम तुमचं नाही. तुम्ही वेळेवर जागा करून द्यायची आणि स्वतःचं पाऊल चालू ठेवायचं. क्रॉस बॉडी लीडमध्येही तेच: तिला ओढून पलीकडे न्यायचं नसतं, तुम्ही स्वतः तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं. तीनपर्यंत तुम्ही बाजूला झालात तर पाचला ती हलक्या इशाऱ्यावर चालत जाते. तुम्ही वाटेतच उभे असलात की हाताने खेचावं लागतं. हात खेचावासा वाटला की समजा, पाय उशिरा पडलेत.

बायकोशी होणाऱ्या भांडणाबद्दल थोडं मोकळेपणाने लिहू द्या. सुरुवातीच्या महिन्यांत फॉलो करणारा माणूस लवकर नाचायला लागतो, हे अगदी नेहमीचं आहे. तिला तोल आणि ताल सांभाळायचा असतो आणि ऐकायचं असतं. तुम्हाला ते सगळं करून शिवाय पुढचं ठरवायचं असतं आणि आजूबाजूच्या जोड्यांत तिला नेऊन आपटवायचं नाही हेही बघायचं असतं. शिवाय ती दर सोशलला अनुभवी लीडर्सबरोबर नाचते आहे, म्हणजे प्रत्येक गाण्यात तिला एक छोटा धडा मिळतोय. तुम्ही उभे आहात, म्हणून तुम्हाला तो मिळत नाही. तुमच्या दोघांतलं अंतर गुणांचं नाही, नाचलेल्या गाण्यांचं आहे.

पण तुम्ही काय करताय बघा. बाहेर जो कमीपणा वाटतो तो घरी येऊन तिच्या चुका काढून भरून काढताय. तुम्ही मुद्दाम करत असाल असं मला वाटत नाही, पण तिच्यापर्यंत ते तसंच पोचतं. ती ज्यांच्याबरोबर सोशलला नाचते त्यातला कुणी तिला मध्येच थांबवून 'तुझा पाय चुकला' म्हणत नाही. घरी मात्र दर आठाला परीक्षा. कोण करेल सराव? नाचताना पार्टनरला शिकवायचं नाही, हा सोशलचा पहिला शिष्टाचार आहे, आणि तो घरातही तितकाच लागू आहे. तिने विचारलं तरच सांगा. तुम्हाला काही अडलं तर वाक्य उलटं करा: 'हे वळण तुला कसं लागलं? कुठे ओढ जाणवली?' मग ती जे सांगेल ते ऐका आणि वाद घालू नका. तिच्या हातात तुमच्या लीडची सगळी माहिती आहे, फुकट मिळणारी, आणि तुम्ही ती परत पाठवताय.

आणखी एक सुचवते. महिनाभर घरी भूमिका बदला. तिला लीड करू द्या, तुम्ही फॉलो करा. साल्सात लीड पुरुषानेच करावा असं काही नाही; दोन्ही भूमिका शिकणारे पुष्कळ आहेत, मीही दोन्ही नाचते. डोळे मिटून वळायचं असतं तेव्हा उशिरा आलेला हात कसा लागतो, दाबलेला अंगठा कसा लागतो, पुढे काय येणार हे माहीत नसताना समोरच्यावर विश्वास टाकून उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुठल्याच व्हिडिओतून कळणार नाही. आणि तिलाही कळेल की पुढचं ठरवत ठरवत ताल सांभाळणं किती कठीण आहे. मग भांडायला फारसं काही उरत नाही.

ती दुसऱ्यांबरोबर खुशीत नाचते हे तुम्हाला लागतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण 'खुशीत असते' आणि 'मी भिंतीशी उभा' ही वाक्यं तुम्ही एकाला एक लागून लिहिली आहेत. वाटणं साहजिक आहे, त्यात लाज नाही. सोशलला दर गाण्याला पार्टनर बदलणं हीच रीत आहे, आणि तेवढ्या चार-पाच मिनिटांपलीकडे त्या नाचाला अर्थ नसतो. तरी मनातलं तिला सांगा, चुकांच्या आडून नको. 'मला तुझ्याबरोबर नाचायचंय, पहिलं आणि शेवटचं गाणं आपण दोघं नाचू या' एवढं म्हणा. पुष्कळ जोडपी असं ठरवून येतात. मधली गाणी ज्याची त्याची.

आता ती 'आत्ता नको' म्हणणारी. नकाराला कारण लागत नाही. तिचे पाय दुखत असतील, त्या गाण्यासाठी तिने आधीच कुणाला सांगितलं असेल, किंवा तिला तुमच्याबरोबर नाचायचं नसेल; तिन्ही तिचा हक्क आहेत. हसून 'ठीक आहे' म्हणायचं आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं. त्याच संध्याकाळी तिच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं नाही. पुढे ती आपणहून आली तर उत्तम. हाच हक्क तुम्हालाही आहे, हे विसरू नका.

ऑन टू वालीबरोबर तुमचं काही चुकलं नाही. ऑन वन आणि ऑन टू मध्ये पावलं तीच, पण दिशा बदलणारं पाऊल वेगळ्या मात्रेवर पडतं, म्हणून दोघांना सतत एकमेकांच्या अंगावर आल्यासारखं होतं. न्यूयॉर्कमध्ये ऑन टू रुजला, तो मोजून शिकवायची पद्धत तिथले नृत्यशिक्षक एडी टोरेस यांनी घडवली. क्यूबातल्या हवानात 1950च्या दशकात आकाराला आलेला कसिनो हा प्रकार आणखी वेगळा, तो एका रेषेत न नाचता एकमेकांभोवती गोल फिरत नाचतात. कोलंबियातल्या काली शहरात पायांचं काम इतकं वेगवान की बघत राहावं. सोशलला हे सगळे एकाच फ्लोअरवर भेटतात. गाणं सुरू होताना विचारायचं, 'ऑन वन चालेल?' बहुतेक अनुभवी फॉलोअर्स चालवून घेतात.

पुढच्या सोशलला जाल तेव्हा वही घरी ठेवा. सुरुवातीचा बिगिनर क्लास असतो त्याला उभे राहा, शिकण्यासाठी नाही, ओळखी होण्यासाठी. तिथे भेटलेल्यांना नंतर विचारणं सोपं जातं. ठरवून जा की आज फक्त बेसिक, राइट टर्न, क्रॉस बॉडी लीड. तीनच. गाण्याच्या सुरुवातीचे एक-दोन आठ पार्टनरबरोबर नुसतं डोलत घालवा आणि कोंगा सापडल्याशिवाय पाऊल टाकू नका. हे कुणालाही विचित्र वाटत नाही, उलट समोरच्या बाईला बरं वाटतं की या माणसाला घाई नाही. पाऊल लहान ठेवा, स्वतःच्या तळपायाएवढं. वेग वाढला की मोठं पाऊल टाकणारेच मागे पडतात. चुकलात तर माफी मागत बसू नका, सुरुवातीला 'मी नवीन आहे' एकदा सांगितलंत की झालं. अनोळखी पार्टनरला डिप देऊ नका, म्हणजे हातावर मागे झुकवू नका, तिच्या पाठीचा, मानेचा प्रश्न आहे. जादाचा शर्ट आणि टॉवेल बरोबर असू द्या. आणि नुसत्या उत्तम नाचणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. कोपऱ्यात तुमच्यासारखीच कुणीतरी, दोन महिन्यांपूर्वी शिकायला लागलेली, कुणी विचारेल का म्हणून बसलेली असते. तिला विचारा. तिच्याबरोबर तीन गोष्टींत गाणं पूर्ण करता आलं तर तुमचा लीड खरा.

बुटांचं उत्तर हो असं आहे, पण महागडे नकोत. रबरी तळ फरशीला धरून बसतो. वळताना पाय अडतो आणि शरीर फिरतं, पीळ गुडघ्यात बसतो. तुमच्या वयात गुडघा जपायला हवा. स्वेडचा किंवा चामड्याचा तळ असलेले, पायात घट्ट बसणारे बूट घ्या, आणि ते रस्त्यावर घालू नका. स्वेडचा तळ मळून गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासायचा. बायकोला उंच टाचेचा आग्रह कुणी करत असेल तर तिने ऐकायचं कारण नाही, सपाट बुटांत उत्तम नाचता येतं.

इंटरमिजिएटची बॅच चालू ठेवा, पण जमलं तर एक वार बिगिनर बॅचमध्येही उभे राहा. तिथे आता तुम्हाला क्रम आठवायचा नसेल, त्यामुळे कान आणि हात मोकळे असतील. ॲडव्हान्स्डला कधी जायचं ते असं ठरवा: अनोळखी, दुसऱ्या क्लासमध्ये शिकलेल्या फॉलोअरबरोबर, डीजेने लावलेल्या कुठल्याही मध्यम गतीच्या गाण्यावर, मनात न मोजता शेवटपर्यंत नाचता आलं आणि तुमच्या तीन मूव्ह्ज तिला न सांगता कळल्या, की सरांना जाऊन विचारा. तोवर त्या फीचे पैसे सोशलच्या तिकिटांवर खर्च करा. आणि बायको घरी पुन्हा सरावाला उभी राहिली का, ते मला जरूर कळवा.